गंजाचा हिशेब

रसायनशास्त्राच्या गणितातली माणसं फार शिस्तीची असतात. ती ५.६ ग्रॅम लोखंड घेतात. साडेपाच नाही, सहा नाही. ते कोणाकडून आणलं, पावती घेतली का, जीएसटी लावला का, कोणी विचारत नाही. घेतात, ऑक्सिजनमध्ये ठेवतात आणि पुढचं आपल्यावर सोडून निघून जातात. आमच्या जालन्यात लोखंड असं पुडीत मिळत नाही. ते भंगार होऊन ट्रकने येतं, भट्टीतून वितळून निघतं आणि सळई होऊन ट्रकनेच जातं.

माझी उभी नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या भुईकाट्यावर गेली. भरली गाडी मोजायची, रिकामी मोजायची, वजाबाकी करून चिठ्ठी फाडायची. एवढ्या भांडवलावर ताईने मला भाचीच्या अकरावीच्या केमिस्ट्रीवर नेमलं. "जन्मभर वजनंच केलीस ना? मग हे पण वजनाचंच आहे," असं ती म्हणाली. मोठ्या बहिणीशी वाद घालण्याची आमच्यात पद्धत नाही.

पहिलंच गणित लोखंड गंजण्याचं निघालं. समीकरण सोपं: चार लोखंड, तीन ऑक्सिजन, दोन आयर्न ऑक्साइड. भाचीने क्षणात निकाल लावला, "चार ग्रॅम लोखंड, तीन ग्रॅम ऑक्सिजन, तयार माल दोन ग्रॅम. झालं, मामा."

सात ग्रॅम आत गेले, दोन ग्रॅम बाहेर आले. काट्यावर अशी चिठ्ठी निघाली असती, तर मालकाने गेट बंद करून सगळ्यांचे डबे उघडायला लावले असते. आत गेला तेवढाच माल बाहेर निघाला पाहिजे, हे लाव्हाझिएने १७८९ साली पुस्तकात लिहून ठेवलंय. पाच वर्षांनी त्याचं मुंडकं उडवलं, पण ते करवसुलीच्या ठेक्यापायी. वजनं त्याची बरोबरच होती.

भाचीला सांगितलं, हे चार आणि तीन म्हणजे ग्रॅम नाहीत, नग आहेत. ती म्हणाली, "अणू मोजणार कोण?" प्रश्न रास्त होता. पण जालन्यात हा प्रश्न विचारू नये. इथे १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि तेव्हापासून हे गाव बियाण्यावर वाढलंय. बियाणंवाला दाणे मोजत बसत नाही. हजार दाण्यांचं वजन एकदा काढतो, मग तराजूच मोजणी करतो. सोयाबीनचे हजार दाणे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतात, मुगाचे चाळीसच्या. चार सोयाबीनमागे तीन मूग हवे असतील, तर वजनं अर्थातच चारास तीन येणार नाहीत. केमिस्ट्रीवाल्यांनी हजाराऐवजी आकडा जरा मोठा धरला, ६०२ वर एकवीस शून्यं, आणि त्या ढिगाला मोल म्हटलं. लोखंडाचा ढीग ५६ ग्रॅमचा, ऑक्सिजनच्या जोडअणूंचा ३२ ग्रॅमचा. वजनाला ढिगाच्या वजनाने भागा, ढिगांचं प्रमाण समीकरणात बघा, पुन्हा वजनाने गुणा. स्टॉइकिओमेट्री म्हणून जिला घाबरतात, ती ही एवढीच.

(हा आकडा ज्याच्या नावाने चालतो, तो अव्होगॅड्रो १८५६ साली वारला. त्याला स्वतःला हा आकडा माहीतच नव्हता. त्याचा पहिला अंदाज लॉश्मिटने १८६५ साली बांधला आणि त्यावर अव्होगॅड्रोचं नाव लागलं १९०९ साली. शिवाय अव्होगॅड्रो शिकला होता वकिली. भाचीला हे फार आवडलं. परीक्षेत येणार नाही म्हणून जास्तच.)

मग मी ग्रॅम सोडून किलोवर आलो; हाताला सवय तीच. ५.६ किलो सळई म्हणजे लोखंडाचे शंभर मोल. त्यांना ऑक्सिजनचे ७५ मोल लागतात, म्हणजे २.४ किलो. सगळी सळई गंजली, तर गंज भरेल ८ किलो. पुस्तकातला गंज हं. खऱ्या गंजात पाणीही मुरलेलं असतं, म्हणजे वजन आणखी वर.

भाची वहीकडे बघत राहिली. "म्हणजे मामा, गंजलं की वजन वाढतं?"

"वाढतं."

"आणि भंगार वजनावर विकतात?"

मी मान डोलावली. भट्टीवाल्यांना हे आधीपासून माहीत असतं. आठ किलो निव्वळ गंजात लोखंड ५.६ किलोच, म्हणजे शंभरात सत्तर. बाकी तीस टक्के आपल्याच अंगणातला ऑक्सिजन, लोखंडाच्या भावाने विकत घेतलेला. भट्टीवर याला 'बर्निंग लॉस'मध्ये घालतात आणि भंगार बघतानाच गंजापोटी किती कापायचं ते मनात ठरवतात. पावसाळ्यातल्या गाडीकडे आमचे सुपरवायझर मुलीच्या सासरच्यांकडे बघावं तसे बघायचे.

तेवढ्यात दाजी आले. त्यांची अंबड तालुक्यात मोसंबी आणि कापूस आहे. पोरीला म्हणाले, "लोखंडाचं कशाला करायलीस? युरियाचं कर." तिने केलं. युरियाचा मोल ६० ग्रॅम, त्यात नत्र २८, म्हणजे ४६.६७ टक्के. दाजींनी गोणीवर बोट ठेवलं: ४६. "पॉइंट सदुसष्ट कुठं गेले, बाबा?"

"गोणीवर कमीत कमी किती ते लिहितात," दाजी म्हणाले. आणि ४५ किलोच्या गोणीत पावणेएकवीसला जरा कमी नत्र, हे त्यांनी कॅल्क्युलेटरच्या आधी तोंडी सांगितलं.

लिमिटिंग रिएजंट शिकवायला मला तोंड उघडावंच लागलं नाही. दोन पदार्थ एकत्र केले की जो आधी संपतो, तो माल किती निघणार ते ठरवतो. दुसरा कितीही उरला तरी उपयोग शून्य. भाचीने व्याख्या मोठ्याने वाचली. "पाणी," दाजी म्हणाले. २०१२-१३च्या दुष्काळात त्यांनी टँकरने बाग जगवली होती. खत होतं, ऊन होतं, कर्ज तर मुबलक होतं. पिकाची वाढ सगळ्यात तुटपुंज्या घटकावर अडते, हे जर्मनीच्या लीबिगने एकोणिसाव्या शतकात ठासून मांडलं. दाजींनी लीबिग वाचलेला नाही. त्यांनी टँकरची बिलं वाचली आहेत.

रविवारी दारात भंगारवाला आला. ताईने मागच्या पडवीतले दोन नांगराचे फाळ, एक फुटकं घमेलं आणि इंजिनाची जुनी चाकं काढली. सगळ्यावर लाल पापुद्रे. तराजूला लावल्यावर भंगारवाला म्हणाला, "ताई, गंज आहे. दहा किलोमागं एक किलो कमी धरतो."

ताई घासाघीस करायला पदर खोचून उभी राहिली. तेवढ्यात भाची वही घेऊन बाहेर आली. "काका, असं नसतं धरायचं. गंजात लोखंड सत्तरच टक्के असतं. म्हणजे जेवढा गंज, त्याच्या शंभराला तीस कमी. आणि हे फाळ तर पार खाल्लेत, म्हणजे दहाला एक कमी करून तुमचंच नुकसान होतंय!"

भंगारवाल्याने तराजू खाली ठेवला. "किती म्हणालीस, बाळा?"

"शंभराला तीस. पाणी धरलं तर अजून जास्त."

ताईने तिला दंडाला धरून घरात नेलं आणि बाहेरून कडी घातली. मग माझ्याकडे वळली. शिकवणी किती दिवस चालणार आहे, असं तिने शांतपणे विचारलं. भंगारवाला मात्र खिडकीपाशी जाऊन आतल्या बाजूला हळूच विचारत होता, तांब्याचं पण असं काही असतं का.