फोल्ड न करणाऱ्याची थोरवी

पन्नास-पंचावन्न रुपयांच्या ऑनलाइन पोकर स्पर्धा आपल्याकडे जोरात होत्या, तेव्हा त्यांत दोन जातींची माणसं खेळायची. एकांना आपले निकाल सुधारायचे असत. ही मंडळी मुळात चिक्कू. हातात येणाऱ्या दोन पत्त्यांचे एकूण 169 प्रकार. त्यांतल्या शंभराहून अधिक प्रकारांकडे ती ढुंकूनही बघायची नाहीत. पत्ते टाकून द्यायचे: फोल्ड, फोल्ड, पुन्हा फोल्ड. रात्री नऊला बसायचं आणि साडेदहापर्यंत दुसऱ्यांचा खेळ बघायचा. लग्नाला जाऊन पंगतीला न बसण्याचाच हा प्रकार, पण ते त्याला शिस्त म्हणत.

दुसऱ्या जातीचा माणूस पैसे भरून आलेला असे आणि तो खेळत असे. बदाम गुलाम आणि बदाम दुर्री आली की त्याचा चेहरा उजळायचा. एकाच रंगाचे पत्ते! रंग जुळल्याने जिंकण्याची शक्यता जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी वाढते, आणि टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांतच, म्हणजे फ्लॉपलाच, एका रंगाच्या पाच पत्त्यांचा फ्लश जमण्याचा योग शंभरात एकदाही येत नाही, हे त्याला सांगून बघा. ‘येत नाही कसा? आलाय की!’ आला होता खरा, मागच्या दिवाळीत. त्या एका डावाच्या भरवशावर त्याने पुढे वर्षभर बदाम दुर्रीला कधी अंतर दिलं नाही. एवढी निष्ठा हल्ली पक्षांतही दिसत नाही.

मधला एकच पत्ता आला की ओळीने पाच पत्त्यांचा स्ट्रेट पुरा होतो, अशा वेळी तर तो हलायचाच नाही. असे चार पत्ते गठ्ठ्यात उरलेले. पुढच्या पत्त्याला त्यांतला एक निघण्याची शक्यता साधारण बारात एक. पॉटमध्ये सातशे चिप्स, कॉलला तीनशे. गणित म्हणतं टाकून द्या. पण गणिताने त्याचं आजवर काय भलं केलं होतं, म्हणून त्याने गणिताचं ऐकावं?

आणि एक्के! एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा हाती येते. चिक्कू माणूस लगेच मोठा रेज करून चार जणांना हुसकावून लावायचा. आपला माणूस नुसता कॉल करून गप्प बसायचा आणि अख्ख्या टेबलाला आत घ्यायचा. एकट्या कुठल्याही जोडीसमोर एक्के शंभरात साधारण ऐंशी वेळा जिंकतात. समोर पाच जण शेवटपर्यंत टिकले की हे प्रमाण निम्म्यावर येतं. मग कुणाच्या तरी पंज्या-छक्क्या जुळायच्या आणि हा चॅटमध्ये लिहायचा, ‘साइट फिक्स आहे.’ त्याने स्वतः सत्ती-दुर्रीवर कुणाचे तरी एक्के फोडले, त्या रात्री मात्र साइट व्यवस्थित चालू होती.

त्याच्या ब्लफबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. या पातळीवर कुणी फोल्ड करत नसे. त्यामुळे चांगले पत्ते आले की मोठी बेट लावावी आणि वाईट आले की निमूट बसावं, एवढंच काय ते शहाणपण पुरे होई. पण इतकं सोपं करून जिंकण्यात पुरुषार्थ कसला? आपला माणूस हातात काहीही नसताना फ्लॉपवर, टर्नवर आणि रिव्हरवर, म्हणजे पत्ते उघडण्याच्या तिन्ही टप्प्यांवर, अशी तिहेरी चढाई करायचा. समोर अठ्ठ्यांची जोडी घेऊन बसलेला गृहस्थ टीव्हीवर मॅच बघत बघत तीनदा कॉल करायचा. त्याने ब्लफ ओळखला होता असं नाही. समोरच्याकडे काय असेल, हा विचारच त्याला शिवलेला नसे. अशा माणसावर ब्लफ वाया जातो म्हणतात. पण खरा कलावंत प्रेक्षकांच्या लायकीकडे बघून कला सादर करतो का?

कुणी फार उपदेश केला, तर तो एकच नाव घ्यायचा: ख्रिस मनीमेकर. अमेरिकेतल्या टेनेसीचा हिशेबनीस. शंभर डॉलरही न लागणाऱ्या ऑनलाइन पात्रता फेरीतून तो 2003 साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोचला, जिची थेट प्रवेश फी 10,000 डॉलर होती, आणि 25 लाख डॉलर घेऊन घरी गेला. त्या स्पर्धेत 839 जण होते. उरलेल्या 838 जणांची चर्चा करणं आपल्या माणसाला अशुभ वाटे.

बाद झाल्यावर पुन्हा फी भरून आत यायचं, त्या री-एंट्रीलाही लोक उगाच नावं ठेवत. परंपरा ठाऊक नसली की असं होतं. द्रौपदीला मिळालेल्या वरांनी पांडव सुटले, राज्यही परत मिळालं. पण वाटेतच पुन्हा बोलावणं आलं आणि धर्मराज मागे फिरून पटावर बसला. बारा वर्षं वनवास आणि वर आणखी एक वर्ष अज्ञातवास, अशी त्याची बोली होती. त्यापुढे 55 रुपयांचं काय एवढं?

शिवाय हा पैसा वाया कुठे जात होता? 55 पैकी समजा 50 बक्षिसांना आणि 5 कंपनीला. म्हणजे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आत आलं की कंपनीला पुन्हा पाच-पाच. एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर कापला जाऊ लागला, ऑक्टोबरपासून जमा केलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला. जिंकणारा पैसे काढताना देशसेवा करी, हरणारा पैसे भरताना. चिक्कू मंडळी मात्र शंभर स्पर्धांची फी गाठीशी असल्याशिवाय खेळूच नये, असले सल्ले देत फिरत. आपला माणूस आठवड्याचा तोटा रविवारी एकाच पाचशेच्या स्पर्धेत भरून काढायला निघायचा. यातून किती जणांच्या घरी सोमवारी सुबत्ता येई!

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि टेबलं उठली. शिक्षा खेळवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. चिक्कू मंडळींनी आपापली शिल्लक बँकेत वळती करून घेतली. आपल्या माणसाला तो त्रासही पडला नाही, कारण वळतं करण्यासारखं खात्यात काही उरलंच नव्हतं. सध्या तो पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींची चौकशी करतो आहे. तिथे प्रवेशाच्या पैशांत जेवणही धरलेलं असतं. तेव्हा त्याच्या हिशेबाने पोटभर जेवलं की तो आत शिरल्या-शिरल्याच फायद्यात.