जावईबापूंचा उकिरडा

मेलबर्न, जुलै

ती. बाबा आणि आई,

सिंदेवाहीला रोवणे सुरू झाले असतील, म्हणून फोन लवकर ठेवला. शिवाय आम्ही कोंबडखत दुकानातून विकत आणायचो हे कळल्यावर बाबांना असं हसू फुटलं, की पुढचं ऐकूच गेलं नसतं.

इथे ते कुजवून, गोळ्या करून पिशवीत भरतात. एकाचं नाव ‘डायनॅमिक लिफ्टर’. नावावरून वाटतं, कोळसा खाणीतली क्रेनच आणली. कंपोस्टच्या पिशव्यांवर तर इशारा असतो: मास्क लावा, हातमोजे घाला, भुकटी नाकात जाऊ देऊ नका. लिजिओनेला नावाच्या जिवाणूने न्यूमोनिया होतो, हे खरं. पण तुमचे पुणेकर जावई तो वेष करून अंगणात उतरले, की शेजारीण काळजीने विचारते, घरी सगळे बरे आहेत ना?

आता घरच्याच कोंबड्या आहेत. कोंबडा मात्र नाही, इथे त्याला परवानगी मिळवणं फार अवघड. खताचा ढीगही घरचाच, आणि त्यात जावईबापूंनी लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसलाय. सकाळी चहाआधी ढिगाचा ताप बघतात. परवा पारा ६० अंशांवर गेला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत चंद्रपूरच्या मे महिन्याच्याही वरचा उन्हाळा! तो हवाच असतो. ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिला, अधूनमधून ढीग वरखाली केला, तर रोगजंतू आणि तणाचं बी मरतं.

बाबा, तुम्ही सांदवाडीत वांग्यांना ताजी शिट टाकणार म्हणालात, म्हणून लिहिते. शेणखतात नत्र अर्धा टक्का, कोंबडखतात तीनच्या आसपास. ताजं टाकलं तर मुळं जळतात. एक टोपलं शिट, दोन-तीन टोपली तणस आणि वाळला पाला, असा ढीग घाला. ओल इतकीच, की मूठ दाबली तर पिळलेल्या फडक्यासारखी लागावी. नाकाला झोंबलं तर समजा नत्र अमोनिया होऊन उडतंय. वर आणखी तणस घाला. मग अधूनमधून वरखाली करत दोन-तीन महिने मुरू द्या, तोवर वांग्यांना घालू नका. सागाचा पाला चालतो, पण चुरून. आणि मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाला पेटवतात ना, आपल्या झाडाखाली तरी पेटवू देऊ नका. तो ढिगालाच लागेल. (जावई सांगतात, सगळ्याचा एक्सेल तक्ता ठेवा. ते सोडून द्या.)

खुराड्यावर रात्री इथे कोल्हा येतो. शेजारी त्याच्या गोष्टी डोळे मोठे करून सांगतात. मी एकदा आपल्याकडच्या बिबट्याचं सांगितलं, तेव्हापासून कोल्ह्याचा विषय बंद आहे. पण बाबा, कोंबड्या ओरडल्या तरी अंधारात एकटे बाहेर जाऊ नका, हे मात्र गमतीत घेऊ नका.

टोमॅटो लावायला इथलं पंचांग घोड्यांचं: नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, मेलबर्न कपच्या शर्यतीची सुटी. तोवर ढीग मुरेल. आई, भिवापुरी मिरचीचं बी पापडांच्या डब्यात लपवून पाठवू नकोस. इथल्या विमानतळावर कुत्रे बी हुंगून काढतात, आणि दंड जावईबापूंना भरावा लागेल. पापड तेवढे पाठव.

तुमची,
ताई