अंगठे धरा! (नवशिक्यांसाठी)

मोजा घालायला ज्यांना हल्ली पलंगाचा आधार लागतो, खाली पडलेलं पेन 'असू दे तिथेच' म्हणून जे सोडून देतात आणि ज्यांचा दिवस खुर्चीत उगवून खुर्चीतच मावळतो, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे.

साहित्य: एक पंचा, एक दाराची चौकट, बिनचाकांची खुर्ची आणि सेकंदकाट्याचं घड्याळ. घरात लहान मूल असल्यास त्याला आधी खेळायला पाठवावं. मुलं फार हसतात.

पायरी 1 : अपमान करून घ्या. गुडघे ताठ ठेवून पायाचे अंगठे धरा. शाळेत गृहपाठ विसरलो की गुरुजी हीच शिक्षा द्यायचे आणि तेव्हा आपण तासभर ओणवे राहून, दोन पायांमधून मागच्या बाकावरच्या मित्राला वेडावूनही दाखवायचो. आता बोटं नडगीच्या मध्यावर येऊन थांबतात आणि मांडीच्या मागून कोणीतरी लगाम खेचतं. त्याचं नाव हॅमस्ट्रिंग. तीन स्नायूंचा हा जुडगा बसायच्या हाडापाशी सुरू होतो आणि गुडघा ओलांडून खालच्या हाडांना चिकटतो. खुर्चीत गुडघा दुमडलेला असतो, त्यामुळे आठ-नऊ तास त्याला पूर्ण लांब व्हायची वेळच येत नाही. न वापरलेल्या रजेसारखी ती लांबी हळूहळू बुडीत जमा होते.

पायरी 2 : मोजणी. उताणे झोपा, एक पाय जमिनीवर सरळ ठेवा, दुसरा ताठ ठेवून कोणाला तरी उचलायला सांगा. तो साधारण 80 अंशांपर्यंत जावा अशी फिजिओथेरपिस्टची अपेक्षा असते. माझा पाय नवावरून बाराकडे निघाला आणि साडेदहाला अडला. ऑफिसला पोचायची माझी वेळही तीच.

पायरी 3 : पंचा. तळव्यामागून पंचा घालून पाय हळू वर ओढा. ताण जाणवला की थांबा, दुखेपर्यंत जाऊ नका. झटके देणं सक्त मना आहे. हे विहिरीतून बादली काढणं नव्हे. 30 सेकंद मोजा. 1994 मध्ये बँडी आणि आयरियन या अमेरिकी संशोधकांनी 15, 30 आणि 60 सेकंदांची तुलना केली होती. पंधरापेक्षा तीस सरस ठरले, पण साठ करून तिसांपेक्षा जास्त काही पदरात पडलं नाही. जगात निम्म्या वेळात पूर्ण फळ देणाऱ्या गोष्टी फार थोड्या. ही सोडू नका.

पायरी 4 : चौकट. दारात आडवे व्हा. एक पाय चौकटीला टेकवून वर, दुसरा दारातून पलीकडे सरळ. जमेल तसं चौकटीच्या जवळ सरका. यात अडचण एकच. मी पडलेलो असताना आई दुधाचं पातेलं घेऊन आली आणि थबकली. ''उंबरठ्यावर का पडलायस? ओलांडू कशी? ओलांडलेला माणूस वाढत नाही.'' ''मी नाही गं, स्नायू वाढवतोय,'' म्हटलं. ''मग तर मुळीच ओलांडणार नाही.'' दूध थंड झालं.

पायरी 5 : तह. ताण असतानाच टाच चौकटीत हलकेच दाबा, पाच-सहा सेकंद. मग सैल सोडा आणि थोडं पुढे सरका. 1940 च्या दशकात डॉक्टर हर्मन कॅबट यांनी लकवाग्रस्त रुग्णांसाठी ज्या उपचारपद्धतीचा पाया घातला, त्यातलीच ही युक्ती. आधी स्नायूचं ऐकायचं, मग आपलं म्हणणं मांडायचं. घरातही चालते.

पायरी 6 : खुर्ची. काठावर बसा, एक पाय पुढे सरळ, टाच जमिनीवर. आता कमरेतून वाका, पण पाठीचा कुबड होऊ देऊ नका. नाक गुडघ्याला टेकवायचा हट्ट धरला तर वाकते ती पाठ, मांडी मात्र मजेत बसून राहते. बेंबी पुढे न्यायची. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असल्याची दोनदा खात्री करा.

ताकीद : पायात मुंग्या आल्या, बधिरपणा आला किंवा कमरेपासून खाली कळ गेली, तर पंचा बाजूला ठेवा. ती तक्रार बहुधा स्नायूची नसते, नसेची असते आणि ओढल्याने नस चिडते. फिजिओथेरपिस्टला दाखवा. शेजारच्या काकांना दाखवू नका.

पायरी 7 : वाट पाहणे. आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. फरक पडेल, पण स्नायू लांब झाला म्हणून मिशीला पीळ देऊ नका. 2010 मध्ये वेप्लर आणि मॅग्नुसन यांनी आधीचे अभ्यास पडताळून दाखवलं, की अशा थोड्या आठवड्यांच्या व्यायामात वाढते ती मुख्यतः ताण सोसायची तयारी. म्हणजे दोरी तेवढीच राहते, फक्त मेंदू ती थोडी आणखी सोडायला राजी होतो. म्हणजे आईने ओलांडलं असतं तरी स्नायूचं काही बिघडलं नसतं.

सातव्या आठवड्यात एका सकाळी माझी बोटं अंगठ्यांना लागली. तसाच ओणवा राहून पायांमधून मागे पाहिलं, तर दारात आई उलटी उभी.

''काय रे, गृहपाठ विसरलास?''

''हो,'' मी म्हटलं. ''वीस वर्षांचा.''