काचा वर घ्या!

आमच्या सोसायटीच्या वाहनतळात, दिवेलागणीच्या सुमारास, काचा वर घेतलेल्या एका करड्या मोटारीत, इंजिन बंद ठेवून आणि डोळे मिटून जे गृहस्थ समाधिस्थ बसलेले दिसतात, ते कोणाची वाट पाहत नसून, डग्ग्याचा घुमारा गेल्या आठवड्यापेक्षा किती वाढला याची मोजदाद करीत असतात, हे प्रत्येक नव्या पहारेकऱ्याला समजावण्याचे काम माझ्याकडे येते.

पाटबंधारे खात्यात 36 वर्षे पाण्याची गळती शोधण्यात घालविलेल्या या गृहस्थांना निवृत्तीनंतर ध्वनीची गळती सापडली. मोटारीच्या दारात बसवलेला स्पीकर पुढे वाजतो तसाच मागेही वाजतो, आणि दाराच्या आतल्या पत्र्याच्या भोकांतून ती मागची लाट पुढे येऊन पुढच्या लाटेचा निकाल लावते, सबब खर्ज नाहीसा होतो, हा सिद्धान्त त्यांनी मला भर उन्हात, दाराचे अस्तर उचकटून, सप्रमाण दाखविला. आणि खरे सांगायचे तर तो बिनचूक होता. भोके बुजवून पत्र्यावर चंदेरी वर्खाचे ब्यूटिल रबराचे जाड पट्टे चिकटविल्यावर, जे दार पूर्वी रॉकेलच्या डब्यासारखे टणटणत असे, ते ठोकले असता जुन्या दफ्तराप्रमाणे ‘धप्प’ एवढाच जबाब देऊ लागले.

परंतु मोठा गोंगाट निमाला की त्याच्या आड दडलेले लहान गोंगाट हजेरी लावू लागतात. प्रथम जॅकची खडखड ऐकू आली, मग खणातल्या सुट्या नाण्यांची, आणि शेवटी काकूंच्या बांगड्यांची. या शेवटच्या बाबीविषयी त्यांनी घरात कैफियत मांडली. तिचा निकाल काय लागला, हे त्यांच्या दोन दिवसांच्या खाणावळीवरून आम्ही ताडले.

काकूंची खरी तक्रार मात्र निराळीच आहे. चालकाला उजवा स्पीकर जवळ पडतो, म्हणून त्याचा आवाज सेकंदाच्या एक-दोन सहस्रांशांनी मागे ठेवण्याची तजवीज यंत्रात करता येते. तेणेकरून साक्षात भीमसेनजी बॉनेटच्या मध्यभागी बैठक मारून गाऊ लागतात. अर्थात हा चमत्कार एका चालकाच्या आसनापुरता. शेजारी बसलेल्या काकूंच्या वाट्याला सारे गवई डाव्या खिडकीला लोंबकळून गातात.

इतके होऊनही त्यांनी एखादा राग अखेरपर्यंत ऐकल्याचे मला स्मरत नाही. ठरावीक 40 सेकंद ऐकावयाचे आणि पुन्हा मागे जावयाचे, हा शिरस्ता. त्यातून गेले वर्षभर तानपुऱ्याच्या पाठीमागे एक अतिसूक्ष्म सळसळ त्यांना छळीत होती. तारा बदलल्या, अर्थिंग तीन ठिकाणी नव्याने बांधले, तरी ती हटेना. मला ती कधीच ऐकू आली नाही, हे कबूल करण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही.

मागच्या डिसेंबरात आम्ही तिघे त्यांच्याच मोटारीने सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो. विलंबित ख्याल रंगात येत असता स्वारी माझ्या कानाशी लागली, “खर्ज फुगलाय हो,” असे म्हणून उठली, ती परतली नाही. रात्री आम्ही वाहनतळावर येऊन पाहतो तो काचा वर, डोळे मिटलेले, मुद्रेवर अपूर्व प्रसन्नता. आणि यंत्रावरचा एकही दिवा लागलेला नाही. अँप्लिफायरने बॅटरी केव्हाच पिऊन टाकली होती.

काकूंनी काच ठोठावली. “अहो, काय ऐकताय?”

त्यांनी डोळे न उघडता बोट वर केले.

“श्शऽ! ती सळसळ होती ना? गेली बघ.”