तळघराला पाझर

बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या आमच्या नव्या घराला तळघर आहे, कारण गाड्या कुठेतरी ठेवायला हव्यात आणि रस्त्यावर सकाळी शेजारच्या मामींची रांगोळी असते. फॉर्टी-सिक्स्टीची साइट, म्हणजे चाळीस बाय साठ फुटांचा प्लॉट, वर दोन मजले, खाली गाड्या. पुण्याच्या मेव्हण्यांनी फोनवर अभिनंदनाआधीच विचारलं, "भावोजी, वॉटरप्रूफिंग बाहेरून केलंय की आतून?"

प्रश्न रास्त होता. बाहेरून म्हणजे खड्ड्याच्या तळाशी आधी शहाबादी फरशीचं बॉक्स, त्यावर राफ्ट म्हणजे पायाचा काँक्रीट स्लॅब, मग भिंतींना बाहेरच्या अंगाने फरशी, आणि त्यानंतरच माती भरायची. पाणी दाबतं ते अस्तराला भिंतीवरच दाबतं. आतून लावलं तर तेच पाणी भिंतीतून येऊन अस्तराला ढकलून देतं. आणि दाब थोडाथोडका नसतो. बाहेर तीन मीटर पाणी साचलं, तर भिंतीच्या पायथ्याशी दर चौरस मीटरला तीन टन! पण बाहेर माणूस उतरायला जागाच नव्हती. शेजाऱ्यांचं कंपाउंड अगदी लगटून. कंत्राटदार म्हणाला, "आतून केमिकल मारतो. एनू आगल्ला सार." काही होणार नाही, साहेब.

ऑक्टोबरात झालं. बंगळुराला नैर्ऋत्य मोसमी पाऊस जाताना भेटतो आणि ईशान्य मोसमी येताना. राफ्ट आणि भिंत यांचं काँक्रीट वेगवेगळ्या दिवशी ओतलेलं असतं. त्या सांध्यावर आधी एक ओली रेघ उमटली. मग गुडघ्याच्या उंचीवर, शटरिंगच्या तारेचं भोक जिथे बुजवलं होतं तिथे एक थेंब आला. तो फुगला, जरा थबकला, ओघळला आणि मागे पांढऱ्या क्षाराची मिशी ठेवून गेला. घरातले सगळे टॉर्च घेऊन बघत उभे. कंत्राटदाराने भिंतीला भोकं पाडून ग्राउटिंग केलं, पंपाने सिमेंट दाबलं. पाणी समजूतदार, तिथून हललं आणि हातभर डावीकडून येऊ लागलं.

"इथली जमीनच पाण्याची आहे सार," तो म्हणाला. यात मात्र तथ्य असावं. आमच्याच भागातल्या काडु मल्लेश्वर मंदिराचं बघा. मंदिरापाशी 1669 चा शिलालेख आहे, एकोजीराजांनी दिलेल्या दानाचा. एकोजी म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, इथले आमच्या आधीचे मराठी रहिवासी. मंदिरासमोरचं नंदीतीर्थ मातीखाली गाडलं गेलं होतं, ते 1997 साली उकरून काढलं. तिथे नंदीच्या मुखातून शिवलिंगावर अखंड पाण्याची धार पडते, आणि ते पाणी येतं कुठून यावर अजून लोक वाद घालतात. मेव्हणे आले तेव्हा त्यांना आम्ही तिथे नेलं. तिथे त्यांनी मनोभावे हात जोडले, सीटीआर हॉटेलात लोण्याचा बेण्णे डोसा खाल्ला, आणि घरी येऊन तळघरात उतरल्यावर म्हणाले, "हे मात्र लीकेज आहे हं!"

कायद्याचीही गंमत बघा. 2009 पासून बंगळुरात आमच्याएवढ्या साइटवरच्या नव्या घरांना पावसाचं पाणी साठवणं किंवा मुरवणं सक्तीचं आहे. तेव्हा गच्चीवरचं पाणी आम्ही पाइपातून शोषखड्ड्यात सोडतो, जमिनीत मुरवतो, आणि तेच पाणी आत येऊ नये म्हणून भिंतीच्या या बाजूला पैसे मोजतो. हा खड्डा तळघरापासून दूर खणावा, एवढी अक्कल आर्किटेक्टला होती, साइटला नव्हती.

मग 2024 चा उन्हाळा आला. शहरभर बोअरवेल कोरड्या पडल्या, टँकरवाल्याचा फोन लागेना. आमच्या सौभाग्यवती दोन बादल्या घेऊन तळघरात उतरल्या, तर भिंत ठणठणीत कोरडी! इतके दिवस फुकट वाहत होतं, आणि नेमकं हवं तेव्हा गायब. त्याच आठवड्यात कंत्राटदाराचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "पाहिलंत सार, ग्राउटिंग कसं धरलं! आता राखून ठेवलेले रिटेन्शनचे पैसे सोडा." सबंध शहराचा दुष्काळ त्याने आपल्या बिलात लावला होता.

पैसे मी दिले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात बंगळुराला पावसाने झोडपलं आणि भिंत पुन्हा ओली झाली. कंत्राटदार आला, वाकला, बोट लावून पाहिलं, नाकाशीही नेलं. "हे वेगळं पाणी आहे सार," तो म्हणाला. "वॉरंटी जुन्याची होती."