काडतूसकाका

सोलापुरात सात रस्ता ते पार्क चौक या पट्ट्यात चहाच्या कुठल्याही गाड्यावर हे गृहस्थ भेटतात. वय साठीपलीकडचं, अंगात सहा खिशांचं खाकी जाकीट. खिशात पानाचा डबा, परवान्याची झेरॉक्स आणि काडतुसाचं एक रिकामं पितळी केस. आजोबांची बाराबोर बंदूक आहे, पण घरी क्वचितच असते. आचारसंहिता लागली की ती ठाण्यात जमा होते, आणि लोकसभा, विधानसभा, झेडपी, महापालिका असं काही ना काही लागलेलंच असतं. "आमच्या बंदुकीची सरकारी नोकरी माझ्यापेक्षा जास्त झाली," काका म्हणतात.

ज्ञान जमा करून घेणारं ठाणं मात्र अजून निघालेलं नाही.

"पिस्तुलानं हरणाची शिकार होतंय, माहितै का बे?" अशी सुरुवात होते. ऐकणारा कटिंग हातात धरून अडकतो. रायफलचं काडतूस तसंच्या तसं आखूड नळीत घातलं तर दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते. मागे उरतो नुसता जाळ आणि आवाज. म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेत स्टीव्ह हेरेट आणि बॉब मिलेक यांनी .३०-३० विंचेस्टरचं केस कापून आखूड केलं, त्याचा खांदा नव्यानं बसवला. थोरल्याची पँट धाकट्याला बेतावी, तसं. झालं .३० हेरेट! ते चालवायला थॉम्पसन सेंटरचं काँटेंडर होतंच: १९६७ चं, एकाच गोळीचं पिस्तूल, हवी ती नळी बदलून लावायची. पुढे जे. डी. जोन्स यांनी .४४४ मार्लिनचं केस आवळून .३७५ जेडीजे काढलं. कारखान्याच्या यादीत नसलेल्या अशा काडतुसांना वाइल्डकॅट म्हणतात, हे सांगताना काका आवाज इतका खाली आणतात की गाडेवाल्याला वाटतं उधारीचं चाललंय.

आपल्याकडे असं का नाही? या प्रश्नाची ते वाटच पाहत असतात. इंग्रजांनी .३०३ हा लष्करी बोअर (नळीचा व्यास) रयतेला बंद ठेवला, म्हणून इथं .३१५ रुजला, त्याची रायफल ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनते. "तिकडं हौसेनं बोअर बदलतेत, हिकडं सरकार बदलायला लावतंय!"

मग एखादं कॉलेजातलं पोरगं विचारतं, "काका, तुमी काय काय मारलाव?"

काका पानाचा डबा उघडतात. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा ते शाळेत होते. नान्नजच्या माळावर काळवीट आडवं आलं, तर ते गाडी बंद करून कळप जाईपर्यंत थांबतात. काळवीट मारलं तर तीन ते सात वर्षं आत, आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं हाही गुन्हा, हे त्यांना कलमांसकट पाठ आहे. घरी हेरेट बनवायचा प्रश्नच नाही. बाराबोरची काडतुसंसुद्धा परवान्यावर मोजून मिळतात आणि त्यातली बहुतेक तशीच पडून आहेत.

सबंध जिल्ह्यात इतका निरुपद्रवी शिकारी दुसरा सापडणार नाही. गाठ पडली तर जरूर ऐका. चहाचे पैसे मात्र तुम्हालाच द्यावे लागतील.