भात मालकाचं, वाल आमचे

या काकू, भिंतीजवळ या. शुक्रवार म्हणून माग बंद, आज एकमेकींचं ऐकू तरी येतंय.

आमचे हे ना? ते पहाटेच पडघ्याकडे गेले, शेतावर. अहो, शेत आमचं कुठलं! मालक कुवेतला. दोन एकर भात, बांधावर चार आंबे, आणि राखायला आम्ही. ऑक्टोबर लागला की तिकडून रोज व्हिडिओ कॉल, ‘कापणी कधी?’ मी यांना म्हटलं, सांगा त्यांना, भाताला विचारून कळवतो!

लवकर येणारं हळवं भात दसऱ्यालाच घरात आलं. उशिराचं गरवं अजून उभं आहे. लवकर कापावं तर दाणा हिरवा राहतो, थांबावं तर गळतो. त्यात हा परतीचा पाऊस. हळवं कापून पसरलं होतं, तेव्हाच ते भिजलं. रात्री टॉर्च लावून दोघांनी सगळं बांधावर ओढलं. भिजल्या लोंबीला कोंब फुटायला कितीसा वेळ लागतो? मालकाला फोटो पाठवला, तर म्हणे, ‘ताडपत्री नव्हती का?’ दोन एकराला ताडपत्री!

आमचेही हट्टी, बरं का. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा तो वैभव विळा आहे ना, त्यानं अगदी जमिनीसरशी कापायला लावतात. बाया कुरकुरतात, कंबर मोडते म्हणतात, खोटं नाही ते. पण धसकट उंच ठेवलं की त्यात खोडकिड्याची अळी लपून बसते आणि पुढच्या साली पुन्हा हजर. फोनवर पोती दिसतात, धसकट कुठलं दिसायला!

आणि बाया मिळतात कुठे? मानकोली, काल्हेरला गोदामं झाली नि निम्म्या तिकडे पॅकिंगला लागल्या. डोक्यावर पत्रा, महिन्याला पगार. उन्हात वाकायला कोण येईल? मी तरी गेले नसते.

कागद विचारताय? कागद कसला! मालकाच्या आजोबांनी कुळकायद्याचा धसका घेतलेला. 1 एप्रिल 1957 ला कसणारी कुळं जमिनीची मालक झाली ना, तेव्हापासून त्या घरात कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्याच्या आसपासही फिरकू देत नाहीत. पण ई-पीक पाहणीला शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो. काढा म्हणावं आता कुवेतहून! शेवटी चिखलात उभं राहून यांनीच काढला, नोंद मालकाच्या नावावर.

ठरलंय ते सगळं तोंडी. भात मालकाचं, पेंढा निम्मा-निम्मा, आणि कापणीनंतर ओलीवर पेरतो ते वाल आमचे. मला विचाराल तर त्यांच्यापेक्षा आम्हीच बरे. भाताचा हमीभाव 2025-26 साठी क्विंटलला 2369 रुपये. त्यातून कापणीची, झोडणीची मजुरी आणि टेम्पोचं भाडं वजा करा, मग बघा मालकाच्या हातात काय उरतं ते. वालाला ना खत, ना पाणी, दवावर येतात. पण कापणी लांबली की ओल उडते, मग वालही गेले. म्हणून तर यांची एवढी धावपळ, मालकाच्या फोनला कोण विचारतो!

ते जाऊ दे. तुमच्या माहेरकडची कुणी कापणीला येणारी असेल तर आजच निरोप द्या. रविवारी गरवं कापायला घ्यायचंय. जेवण आमच्याकडे, मजुरी संध्याकाळी हातात. फक्त खाली वाकून कापावं लागेल, हे आधी सांगा.